हिंदा आणि हजरत हमजांचे काळीज: मित्रास पत्र

मिरज

प्रिय रशीद,

अस्सलामु अलैकुम.

तुझे पत्र पोचले. मोहरमच्या मजलिशीत वक्त्याने उहुदच्या रणात प्रेषितांचे चुलते हजरत हमजा यांचे काळीज चावणाऱ्या हिंदाचा, म्हणजे मक्केचा सरदार अबू सुफियान याच्या बायकोचा, प्रसंग रंगवून सांगितला, आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या मेहुण्याने "ही सगळी अब्बासींनी उमय्यांच्या बदनामीसाठी रचलेली भाकडकथा आहे" असे ठणकावले (उमय्या हे हिंदाचा मुलगा मुआविया याचे खलिफा घराणे, आणि अब्बासी त्यांची गादी घेणारे). तेव्हा या दोघांत खरे कोण, असे तू विचारतोस. माझे मत आधीच सांगून टाकतो. दोघेही हाताशी असलेल्या पुराव्याच्या मानाने फार खात्रीने बोलले आहेत. त्यातही मेहुण्याचे बोलणे मला जास्त खटकते, कारण रिवायत, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे सांगत आलेली हकीगत, कोणाकडून आली हे त्याने पाहिलेच नाही. ती पसरल्याने कोणाचा फायदा झाला असता, एवढ्यावरच त्याने निकाल देऊन टाकला.

मक्केचे कुरैश आणि मदीनेचे मुसलमान यांच्यातली उहुदची लढाई हिजरी सन ३ मधली, म्हणजे इ.स. ६२५ ची. त्याच्या आदल्या वर्षी बद्रच्या रणात हिंदाचा बाप उत्बा, चुलता शैबा आणि भाऊ वलीद असे तिघेही एकाच द्वंद्वात मारले गेले होते आणि मारणाऱ्यांत हजरत हमजा होते. त्यांच्या हातून नेमका उत्बा पडला की शैबा, याबद्दल जुन्या ग्रंथांत एकमत नाही, परंतु हिंदाच्या मनात सूड होता हे मानायला तेवढ्या तपशिलाची गरज नाही. उहुदच्या प्रेतांची विटंबना झाली हेही पक्के आहे. सहीह बुखारी या हदीसच्या (प्रेषितांच्या वचन-कृतींच्या) मान्यवर संग्रहात हजरत बरा इब्न आजिब यांची रिवायत आहे, तीत लढाई संपल्यावर अबू सुफियान मुसलमानांना हाक मारून सांगतो की, आजचा दिवस बद्रच्या दिवसाची फेड आहे, तुम्हाला तुमच्या मृतांची अंगे कापलेली आढळतील, मी तसा हुकूम दिलेला नव्हता, पण मला त्याचे वाईटही वाटत नाही. बुखारीतच हजरत अनस इब्न नद्र यांच्याबद्दल आहे की, त्यांच्या अंगावर ऐंशीहून अधिक जखमा होत्या आणि देहाची अशी दशा केलेली होती की बहिणीने त्यांना केवळ बोटांच्या टोकांवरून ओळखले. म्हणून "असे काही घडलेच नाही" हा पवित्रा टिकत नाही. प्रश्न उरतो तो हिंदाचा आणि काळजाचा.

इथे सर्वांत वजनदार साक्ष खुद्द मारेकऱ्याची, म्हणजे वहशीची आहे, आणि सुदैवाने ती बुखारीत सविस्तर आली आहे. जाफर इब्न अम्र हा उबैदुल्लाह इब्न अदी याच्यासोबत हिम्स शहरात म्हाताऱ्या वहशीला भेटायला जातो. वहशी घराच्या सावलीत फुगलेल्या मशकीसारखा बसलेला आहे. उबैदुल्लाहने पागोटे असे गुंडाळले आहे की डोळे आणि पाय सोडून काही दिसत नाही, तरी वहशी त्याचे पाय पाहून ओळखतो, कारण तो तान्हा असताना वहशीनेच त्याला दूध पाजणाऱ्या बाईकडे पोचवले होते. मग तो सांगतो: हमजांनी बद्रमध्ये तुऐमा इब्न अदीला मारले होते, तुऐमाचा पुतण्या जुबैर इब्न मुत्इम माझा मालक, "हमजांना मारलेस तर तू स्वतंत्र" असे तो म्हणाला, मी एका खडकाआड दबा धरून बसलो आणि माझा भाला त्यांच्या बेंबीखाली घुसून आरपार गेला. या साक्षीत हिंदा नाही. हाच जाफर सांगत असलेली हीच हकीगत प्रेषितांचा जुना चरित्रकार इब्न इसहाक याने दिली आहे. त्याच्या ग्रंथात लढाईला निघतानाच्या वर्णनात हिंदा वहशीला चिथावते, पण ते जाफरच्या हकीगतीत नाही, आणि काळजाची गोष्टही तिच्यात नाही. उलट वहशी म्हणतो की, हमजांचा प्राण गेल्यावर मी भाला उपसून घेतला आणि छावणीत परतून बसलो, मला दुसरे काही करायचे नव्हते. साक्षीदार एखादी गोष्ट बोलला नाही म्हणून ती घडली नाही, असे मी म्हणणार नाही. छावणीत बसलेल्या माणसाला मागे रणात काय झाले ते दिसलेही नसेल. पण ज्या रिवायतीत खुद्द वहशीच पोट फाडून काळीज घेऊन जातो, तिला त्याच्याच तोंडचे हे वाक्य आडवे येते.

आणि अशी रिवायत आहे. मूसा इब्न उक्बा या जुन्या चरित्रकाराच्या ग्रंथातला हा भाग पुढच्या काळातल्या इब्न कसीर या इतिहासकाराने नोंदवून ठेवला आहे. त्यात वहशी काळीज काढून हिंदाकडे नेतो, ती ते चावते, पण तिला गिळवत नाही. जुना इतिहासकार वाकिदीही थोड्याफार फरकाने हेच सांगतो. इब्न इसहाककडे मात्र हे कृत्य हिंदाच्याच हातून होते: ती आणि तिच्याबरोबरच्या बायका मृतांची नाके-कान कापतात, हिंदा त्यांचे हार आणि तोडे करते, अंगावरचे स्वतःचे दागिने वहशीला देऊन टाकते, हमजांचे काळीज चावते, थुंकते आणि उंच खडकावर चढून कविता म्हणते. ही हकीगत इब्न इसहाकने सालिह इब्न कैसानकडून घेतली. सालिह हा भरवशाचा रावी, म्हणजे हकीगत पुढे सांगणारा, यात वाद नाही. परंतु त्याचा मृत्यू उहुदनंतर सुमारे १३० वर्षांनी झाला आणि स्वतः कोणाकडून ऐकले ते तो सांगत नाही. दुवाच तुटलेला असेल तर टोकाचा माणूस कितीही सच्चा असला तरी साखळी जुळत नाही.

राहिली मुसनद अहमद या हदीससंग्रहातली रिवायत, जी वर प्रेषितांचे सहकारी इब्न मसऊद यांच्यापर्यंत पोचते आणि म्हणून ऐकायला सर्वांत भारदस्त वाटते. तीत प्रेषित विचारतात, "तिने त्यातले काही खाल्ले का?" लोक नाही म्हणतात, तेव्हा ते म्हणतात की, हमजांच्या देहाचा कोणताही अंश अल्लाह नरकात जाऊ देणार नव्हता. ही रिवायत शअबीने इब्न मसऊदांकडून सांगितली आहे, पण शअबीने त्यांच्याकडून प्रत्यक्ष ऐकलेले नाही असे हदीसच्या परीक्षकांनी नोंदवले आहे. शिवाय मधला अता इब्न साइब याची स्मरणशक्ती उतारवयात बिघडली होती आणि इब्न कसीरनेही त्याच्याच कारणाने ही सनद (सांगणाऱ्यांची साखळी) जईफ, म्हणजे कच्ची, ठरवली. मजकुरातही अडचण आहे. या वाक्याचा सरळ अर्थ हिंदा नरकात जाणार असा होतो. पण इ.स. ६३० मध्ये मक्का जिंकल्यावर हिंदाने इस्लाम स्वीकारला, आणि बुखारीतच ती प्रेषितांना सांगते की, पूर्वी तुमच्या घराण्याइतके कोणाचे घराणे खाली पडावे असे मला वाटत नव्हते आणि आज तुमच्याइतका कोणाचा मान वाढावा असे वाटत नाही. पुढे यर्मूकच्या लढाईत ती मुसलमानांना चेव आणताना दिसते.

आता मेहुण्याच्या अब्बासी कटाकडे वळतो. इब्न इसहाक अब्बासी खलिफा मन्सूरच्या आश्रयाला होता आणि बगदादला वारला, हे खरे. हिंदा ही मुआवियाची आई आणि यजीदची आजी, तेव्हा काळीज खाणारीचा वंश म्हणून उमय्यांना हिणवणाऱ्यांना ही गोष्ट सोयीची होती, हेही खरे. पण मूसा इब्न उक्बा हा मदीनेचा आणि जुबैर घराण्याचा आश्रित, इ.स. ७५० मध्ये अब्बासी गादीवर आले आणि ७५८ च्या सुमारास तो वारला. म्हणजे गोष्ट मदीनेत त्याआधीपासूनच फिरत असली पाहिजे. यजीदच्या सैन्याने ६८३ मध्ये मदीना लुटली होती, तेव्हा मदीनेच्या लोकांना उमय्यांवर दात ठेवण्यासाठी अब्बासींची वाट पाहण्याची गरज नव्हती, असे तू म्हणशील. म्हण. पण मग सालिह इब्न कैसानचे काय करणार? उमय्या घराण्यातल्या उमर इब्न अब्दुल अजीजला लहानपणी शिकवणारा शिक्षक तोच. त्याच घराण्याचे मीठ खाल्लेला माणूस त्या घराण्यातल्या मुआवियाच्या आईची ही हकीगत सांगतो, तेव्हा हेतूचा तराजू नेमका उलट झुकतो. हेतूवरून शंका घेता येते, निकाल देता येत नाही. हिंदा सहाबिया, म्हणजे प्रेषितांची सहचरी, ठरल्यामुळे तिच्यावरचा डाग पुसला जावा अशी ओढ नंतरच्या सुन्नी आलिमांना होती आणि तो तसाच राहावा अशी शियांना होती. हेतूच मोजत बसलो तर एकही रावी हाती उरणार नाही.

जुना आलिम इब्न सीरीन याचे म्हणणे सहीह मुस्लिम या हदीससंग्रहाच्या प्रस्तावनेत आहे: पूर्वी लोक सनद विचारत नसत, पण फितना (मुसलमानांतली यादवी) झाल्यावर ते म्हणू लागले, "तुमच्या माणसांची नावे सांगा." मेहुण्याला एवढेच विचार. आणि मजलिशीतल्या वक्त्याला सांग की, इतिहासकार तबरीने आपल्या इतिहासाच्या आरंभीच बजावले आहे की, वाचकाला एखादी हकीगत खटकली तर ती माझी नव्हे, मला जशी मिळाली तशी मी पुढे दिली. जुन्या ग्रंथात आहे म्हणजे ग्रंथकाराने तिची हमी घेतली, असा अर्थ होत नाही. आपल्याकडे बखरीतला संवाद समकालीन पत्राइतका पक्का धरणाऱ्याला राजवाडे कसे फैलावर घेत, ते तुला सांगायला नको.

माझे म्हणणे असे: विटंबना निश्चित, तीत कुरैशच्या बायकांचा हात असणे संभवनीय, हिंदाची चिथावणी बऱ्यापैकी आधाराची, काळीज चावल्याची गोष्ट जुनी, पण एकाही अखंड सनदीने न आलेली, आणि कोणी काय केले याबद्दल आपसांत न जुळणारी. मी ती "घडली" म्हणून सांगणार नाही आणि "रचली" म्हणूनही नाही.

तू शेवटी खलिफा अबू बक्रांच्या काळातल्या मालिक इब्न नुवैरा या अरब टोळीप्रमुखाच्या हत्येचाही प्रश्न टाकला आहेस आणि तिथेही हीच पद्धत लावून सेनापती हजरत खालिद सुटतील असे तुला वाटते. मला तसे वाटत नाही. खालिदच्या लोकांनी मालिकला मारले आणि खालिदनी त्याच्या विधवेशी लग्न केले, हा गाभा निरनिराळ्या वाटांनी आलेला आहे. त्यांच्याच सैन्यातले अबू कतादा अन्सारी यांनी उघड विरोध केला आणि हजरत उमर यांनी खालिदना पदावरून काढण्याचा आग्रह धरला, असेही त्यात येते. थंडीच्या रात्री कैद्यांना ऊब द्या असा हुकूम झाला आणि पहारेकऱ्यांनी त्याचा भलताच अर्थ घेतला, हा जो खुलासा सर्वांना पटायला सोपा जातो, तो सैफ इब्न उमर या रावीकडून आला आहे, आणि हदीसच्या परीक्षकांनी सैफला जईफच नव्हे, तर टाकाऊ ठरवले आहे. हिंदाच्या बाबतीत जोड तपासली, तर इथेही तपासावीच लागेल. अबू बक्रांनी खालिदना पदावर का ठेवले, हा निराळा विषय आहे; सैफच्या रिवायतींची नक्कल मी काढून ठेवली आहे, ती हाताशी घेऊन पुढच्या पत्रात त्यावर लिहितो.

भाभींना सलाम, मुलांना दुआ.

तुझा,
इक्बाल