विषय: ‘ओहोटी ही नैसर्गिक आपत्ती आहे’ या आपल्या कंपनीच्या शोधाबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(कंपनीचं नाव पाकिटावर आहेच. इथे पुन्हा लिहायची इच्छा नाही.)

चिपळूण, २८ फेब्रुवारी

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथं बोलणं झालं. ३१ मिनिटांच्या त्या फोनमध्ये १९ मिनिटं मी बासरी ऐकली. उरलेल्या १२ मिनिटांत मला सांगण्यात आलं की १४ फेब्रुवारीला रत्नागिरीत जे झालं ती नैसर्गिक आपत्ती होती. म्हणून हे पत्र. यापुढे फोनवर बोलणार नाही.

रात्रीच्या बंदराची सफर तुमचीच आहे, तेव्हा तिच्यात काय काय येतं ते तुम्हाला सांगत बसत नाही. थिबा पॉइंटवरून भाट्याच्या खाडीवरचा सूर्यास्त, मग मिरकरवाडा जेट्टीवर तुमचा तो ‘ब्लू अवर’, ‘दिव्यांनी उजळलेल्या बोटींची पाण्यातली प्रतिबिंबं’ (हे शब्द तुमचे), शेवटी मांडवीला जेवण. गट १२ जणांचा. बंदरात शिरायची परवानगी तुम्ही काढणार. माणशी २,४०० रुपये. आम्ही सहाजण होतो: मी, पत्नी, एसटीतले माझे दोन जुने सहकारी, पुतणी आणि तिची मैत्रीण. झाले १४,४००. वर तीन ट्रायपॉडचं भाडं १,०५० आणि ट्रायपॉडमागे ५०० रुपये अनामत.

गाडी अडीचला सुटणार होती, सुटली चार वाजून दहा मिनिटांनी. मी ३१ वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडीला उशीर होतो, त्यात मला नवल नाही. पण उशीर झाला की प्रवाशाला खरं सांगायचं असतं. तुमच्या माणसाने दर पंधरा मिनिटांनी ‘गाडी बहादूरशेख नाक्यावर आहे’ असं सांगितलं. गाडी एवढा वेळ जागची हलत नाही असा नाका मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. त्या दिवशी १४ फेब्रुवारी असल्यामुळे गाडीच्या दाराला लाल फुगे बांधले होते. तेवढी एकच गोष्ट वेळेवर झालेली होती.

आत १२ नव्हे, २७ माणसं होती.

हातखंब्याला चहासाठी गाडी २५ मिनिटं थांबली. त्या दिवसांत सूर्य साडेसहा-पावणेसातच्या दरम्यान मावळतो. म्हणजे थिबा पॉइंटचा जो सूर्यास्त आम्ही विकत घेतला होता तो हातखंब्याच्या हॉटेलामागे, वडापावच्या कढईच्या साक्षीने झाला. पुतणीने त्याचा फोटो काढला आहे. तुम्हाला पाठवलेल्या फोटोंत तो सातवा आहे.

जेट्टीवर पोचलो तेव्हा सात वाजून दहा मिनिटं झाली होती. ब्लू अवर हे नाव साहेबाने त्याच्या देशातल्या संध्याकाळी बघून ठेवलेलं असणार. आपल्याकडे तो ‘अवर’ नसतो. सूर्य गेल्यावर आकाश गडद निळं असतं ते जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, मग एकदम काळोख. तुमच्या मार्गदर्शकाला हे माहीत असावं असं मी धरून चालतो, कारण गाडीत त्याने त्यावर बराच वेळ भाषण दिलं होतं. ते भाषण चालू असतानाच तो निळा रंग खिडकीबाहेरून निघून गेला.

आणि पाणी नव्हतं.

हे वाक्य मी तुमच्या चार वेगवेगळ्या माणसांना चार वेळा सांगितलं आहे, आता लेखी सांगतो. पाणी नव्हतं. पार ओहोटी लागली होती. कडेच्या होड्या गाळात एका अंगावर कलंडून पडलेल्या, मोठ्या बोटी धक्क्याच्या कितीतरी खाली गेलेल्या, इतक्या की वरून फक्त टपावरचे दिवे आणि वाळत घातलेले बनियन दिसत होते. प्रतिबिंब पडायला पाणी लागतं. चिखलात प्रतिबिंब पडत नाही, त्यात बूट रुततात. पत्नीची एक चप्पल अजून तिथेच आहे.

आता हे कळायला काय लागतं ते सांगतो. मी गोवळकोटच्या धक्क्याजवळ वाढलो. तिथल्या पोराला पाढे यायच्या आधी हा हिशेब येतो: तिथीचा आकडा घ्या, त्याला तीनने गुणा, चारने भागा. येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा वाजता. द्वितीयेला दीड वाजता. त्यानंतर सव्वासहा तासांनी पाणी तळाला. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवसाची रात्र होत नाही. आमच्याकडे बायका तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) काढायला जातात त्या याच हिशेबावर. १४ फेब्रुवारीला माघ वद्य द्वितीया होती. पौर्णिमा नुकतीच गेलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी. सात वाजता मिरकरवाड्यात पाणी नसणार हे घरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर सांगत होतं. अष्टमी-नवमी धरून सफर ठेवली असती तर संध्याकाळी पाणी काठाशी आलं असतं. भांगाचं, म्हणजे लहान भरतीचं का होईना, पण पाणी!

मान्य आहे, मी स्वतः बुकिंग करताना तिथी बघितली नाही. पैसे देऊन सफर घेतो तेव्हा समुद्र आहे की नाही हेही ग्राहकाने तपासायचं असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

परवानगीचं थोडक्यात. गेटवरच्या माणसाने शांतपणे पत्र मागितलं. तुमच्या मार्गदर्शकाने मोबाइलवर तुमचीच जाहिरात उघडून त्याच्यापुढे धरली. त्याने ती नीट वाचली आणि परत दिली. शेवटी ‘अर्धा तास, आणि बर्फाच्या गाड्यांच्या वाटेत यायचं नाही’ या अटीवर त्याने आम्हाला आत सोडलं, ते माझ्या सहकाऱ्याची आणि त्याची जुनी ओळख निघाली म्हणून. तुमच्या २७ गिऱ्हाइकांना तुमच्या पैशाने नव्हे, आमच्या ओळखीने बंदर दिसलं.

आत शिरल्यावर सगळ्यांनी तुम्ही वाटलेले डोक्याचे दिवे लावले. २७ दिवे एकमेकांच्या फोटोत. एका बोटीवरून तांडेल (बोटीचा प्रमुख) ओरडला, ‘काय ओ, एलईडी मासेमारी बंद हाय ना?’ (प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडायला बंदी आहे, त्यावरचा हा टोमणा.) बोटीवरचे सगळे खलाशी हसले. आम्हीही हसलो. त्या रात्रीचा तेवढा एकच क्षण पैसे वसूल करणारा होता, आणि तो तुमच्या पॅकेजमध्ये नव्हता.

ट्रायपॉड. तीनपैकी दोघांना वरची प्लेटच नव्हती. जिच्यावर कॅमेरा बसतो ती प्लेट. तिच्याशिवाय ट्रायपॉड म्हणजे तीन पायांची काठी. काळोखात वीस-वीस सेकंद शटर उघडं ठेवायचं असतं, तेवढा वेळ श्वास धरला तरी हात हलतोच. हे मी मार्गदर्शकाला सांगितलं तर तो म्हणाला, ‘काका, आयएसओ वाढवा आणि हातात धरून मारा.’ वाढवला. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ती फार वाढवली की फोटोत दाणे येतात. आकाशाला तीळ लावल्यासारखं दिसतंय. मग पुतणीने मासळीचा रिकामा क्रेट उलटा घातला, त्यावर स्वतःची ओढणी घडी करून ठेवली आणि कॅमेरा त्यावर टेकवला. तिचे पाच फोटो बरे आले. ओढणीचा वास तीन धुण्यांनंतरही गेलेला नाही.

पाणी नसल्याची तक्रार केल्यावर हाच मार्गदर्शक म्हणाला, ‘उलट चांगलंय ना काका, गाळात होड्या हलत नाहीत, फोटो शार्प येतो.’ तांत्रिकदृष्ट्या त्यात तथ्य आहे. त्याच न्यायाने स्मशानातही फोटो शार्प येतील.

एवढं सगळं मी सोडून दिलं असतं. खरंच सोडून दिलं असतं. आमच्यातल्या एकाने परतीच्या वाटेवर म्हटलंही, ‘जाऊ दे रे, मांडवीची सुरमई बरी होती.’ पण मग कालचा फोन झाला. तो मी लिहून घेतला आहे, नियंत्रकाची जुनी सवय. जसा झाला तसा देतो.

तुमचा प्रतिनिधी: ‘सर, तुमची रिक्वेस्ट रिजेक्ट झालीय. क्लॉज ११ मध्ये बसतेय ती.’
मी: ‘क्लॉज ११ काय आहे?’
‘नैसर्गिक आपत्ती, सर.’
‘कुठली आपत्ती आली होती?’
(इथे टाइप केल्याचा आवाज.) ‘लो टाइड, सर.’
‘ओहोटी?’
‘हो सर. इथे रिमार्क आहे, अनएक्स्पेक्टेड लो टाइड.’
‘म्हणजे अनपेक्षित ओहोटी.’
‘करेक्ट, सर.’
मी म्हटलं, ‘अहो, ओहोटी दिवसातून दोनदा येते. माझ्या जन्माआधीपासून येते.’
यावर जरा शांतता. मग अगदी समजुतीच्या सुरात: ‘सर, मी तुमचा त्रास समजू शकतो, पण समुद्र आमच्या कंट्रोलमध्ये नाहीये.’
‘समुद्र तुमच्या ताब्यात नाही हे मला मान्य आहे. कॅलेंडर तरी आहे का?’
‘सर, त्यासाठी तुम्हाला वेगळी रिक्वेस्ट टाकावी लागेल.’

मी वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं. पुन्हा बासरी. वरिष्ठ आल्या. त्यांनी मला ‘अंकल’ म्हणून सुरुवात केली आणि विचारलं, ‘अंकल, पण फोटो तर आलेत ना? सिस्टीममध्ये दिसतंय, तुम्ही ४३ फोटो अपलोड केलेत. आमचा अनहॅपी कस्टमर एवढे फोटो अपलोड करत नाही.’

ते ४३ फोटो मी तक्रारीसोबत पुरावा म्हणून जोडले होते. गाळ, कलंडलेल्या होड्या, प्लेट नसलेला ट्रायपॉड चारी बाजूंनी, चप्पल जिथे रुतली ती जागा. मी हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, ‘हो का? छान आलेत.’ आणि फोन ठेवल्यावर पुतणीने दाखवलं की पुराव्यातला एक फोटो, क्रेटवरचा, तुमच्या पानावर ‘आमच्या आनंदी पाहुण्यांच्या नजरेतून’ म्हणून झळकतो आहे. वर कमाल म्हणजे, खाली एकाने लिहिलंय, ‘पाणी कुठाय?’ निदान तुमच्या पानावर एक तरी डोळस माणूस येतो.

३०० रुपयांचं जे कूपन तुम्ही मला ‘सद्भावना’ म्हणून पाठवलं आहे, ते परत करत आहे. त्यावर लिहिलंय की ते १ जून ते ३१ जुलै याच काळात चालेल. त्या दोन महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर पावसाळी मासेमारी बंदी असते. बोटी ताडपत्र्या पांघरून शाकारलेल्या असतात. म्हणजे पहिल्या खेपेला बोटी गाळात, दुसऱ्या खेपेला बोटी कोरड्यावर. ही सफर नेमकी कशासाठी आहे हे एकदा आपसात बसून ठरवा.

वाईट याचं वाटतं की तीन वर्षांपूर्वी तुमच्याच कंपनीबरोबर आम्ही हर्णैला गेलो होतो. संध्याकाळचा मासळी लिलाव, मग काळोख पडताना सुवर्णदुर्ग. तेव्हा जो मुलगा सोबत होता त्याच्या खिशात वहीचं पान होतं, त्यावर भरती-ओहोटीच्या वेळा पेनाने लिहिलेल्या. दहा माणसं, दहा ट्रायपॉड, आणि होय, दहा प्लेटा. ‘अजून चाळीस मिनिटं थांबा, पाणी चढलं की बोटी सरळ होतील’ असं तो म्हणाला आणि तसंच झालं. त्या भरवशावर मी पाच जणांना गोळा केलं होतं. तो मुलगा आता तुमच्याकडे नाही असं कळलं. त्याचं ते पान तरी मागून ठेवायचं होतं.

माझं मागणं सरळ आहे. सहा जणांचे १४,४०० आणि ट्रायपॉडचे १,०५०, मिळून १५,४५० रुपये, अधिक अनामत, १५ दिवसांत परत करा. ‘आनंदी पाहुण्यांचा’ फोटो उतरवा. आणि ‘अनपेक्षित ओहोटी’ हा शेरा मारणाऱ्याच्या सहीचं पत्र पाठवा, ते मला फ्रेम करायचं आहे. (शेवटचं मागणं कायद्यात बसत नसेल तर सोडून द्या. पहिली दोन बसतात.)

नाही दिलंत तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तुमच्या वकिलाला रत्नागिरीला यावं लागेल. हातखंब्याला चहा घेऊ नका म्हणावं, तारीख चुकेल. १९१५ या हेल्पलाइनवर मी नोंद केलेलीच आहे. तिथे बासरी वाजली नाही.

आपला ग्राहक (सध्यापुरता),
सेवानिवृत्त वाहतूक नियंत्रक, चिपळूण

सोबत: पावती, तुमच्या जाहिरातीची प्रत, ४३ फोटो (पुरावा म्हणून. छापण्यासाठी नव्हे.)

ता.क. पाकीट बंद करताना तुमचा मेसेज आला. अनामतीतून १,००० रुपये कापले आहेत. कारण: ‘दोन ट्रायपॉड प्लेट परत मिळाल्या नाहीत.’ पाकीट पुन्हा उघडून हे लिहितो आहे. मी अनामत पूर्ण मागितली आहे, हे १,०००ही त्यातच धरा.