वेढ्याची लढाई शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, या पात्रं आणि फाशांच्या खेळातल्या आमच्या कॅम्पेनमधली (सलग चालणाऱ्या गोष्टीतली) वेढ्याची लढाई पार पडली. टेबलावरची मंडळी अजून तिच्याबद्दलच बोलतायत आणि त्याचं श्रेय तुमचं आहे. तुम्हाला फोन करूनही हे सांगता आलं असतं. पण तुम्ही जे शिकवलंत ते इतर डीएम, म्हणजे खेळ चालवणाऱ्या, मंडळींनाही उपयोगी पडेल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या वहीत एका बाजूला ४०० ऑर्क आणि गॉब्लिन असे राक्षसी सैनिक होते, दुसऱ्या बाजूला १५० ची शिबंदी आणि मधे पाचव्या लेव्हलची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी. डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे नियम मूठभर लोकांच्या चकमकीसाठी बेतलेले आहेत. तुम्ही वही बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, "लढाईची एक फेरी, म्हणजे राउंड, सहा सेकंदांचा. मग तासाभराच्या लढाईचे राउंड किती?" सहाशे! फासे कितीही भराभर टाकले तरी हे जमणार नव्हतं. लढाई मोजायचं मापच बदलायला हवं होतं.

मग तुम्ही मला १९७१ सालच्या 'चेनमेल'पर्यंत मागे नेलंत. गायगॅक्स आणि पेरेन यांचे ते मध्ययुगीन लढायांचे नियम, ज्यात पटावरची एक आकृती म्हणजे वीस माणसं. त्याला जादू आणि ड्रॅगनची पुरवणी जोडली होती आणि १९७४ साली डी अँड डी आला तो याच वाटेने. म्हणजे या खेळात आधी सैन्य आलं, एकटा वीर नंतर. हे ऐकलं आणि माझं दडपण उतरलं. मोठी लढाई या खेळाला परकी नाही, त्याच्या घरातलीच आहे.

सगळ्यात कामाला आला तो २०१४ च्या डीएम गाइडमधला जमावाचा तक्ता. पुस्तक माझ्या कपाटात होतं, पण ते पान असं वापरता येतं हे तुम्ही दाखवलंत. आमच्या फायटरचा (लढवय्या पात्राचा) एसी, म्हणजे त्याला वार लागण्यासाठी गाठायचा आकडा, १७. गॉब्लिनच्या बाणाला फाशाच्या आकड्यात अधिक चार मिळतात, म्हणजे डी-ट्वेंटीवर (वीस बाजूंच्या फाशावर) निदान १३ यायला हवेत. तक्ता म्हणतो, अशा वेळी तिघांमागे एक बाण लागतो. चोवीस धनुर्धारी, आठ बाण, प्रत्येकी सरासरी पाच गुणांची इजा, एकूण चाळीस. एकही फासा न टाकता! मी "चाळीस" म्हटल्याबरोबर टेबलावर शांतता पसरली आणि त्यानंतर तटावर डोकं वर काढण्याआधी प्रत्येक जण विचार करायला लागला.

पण हिशोबापेक्षा मोठी गोष्ट तुम्ही पावनखिंडीच्या निमित्ताने सांगितलीत. बाजीप्रभूंना सिद्दीची फौज संपवायची नव्हती, महाराज विशाळगडावर पोचून तोफांची इशारत होईपर्यंत खिंड धरायची होती. तुम्ही म्हणालात, "पार्टीला सैन्य मारायला देऊ नकोस. त्यांना एक खिंड दे आणि इशारत कधी होणार ते ठरवून ठेव."

मी तेच केलं. दहा-दहा मिनिटांचे टप्पे पाडले आणि तीन जागा ठेवल्या: पाण्याचा दरवाजा, उत्तरेचा तट आणि जखमींची कोठी. टप्प्यागणिक पार्टीने एकच जागा निवडायची, उरलेल्या दोन जागांचा निकाल एकेका फाशावर. डोंगरावर मशाली दिसल्या की कुमक आली. तिसऱ्या टप्प्यात विझार्डकडे (जादूगाराकडे) शेवटचा फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, उरला होता. तटाला शिड्या लागलेल्या, आणि क्लेरिक (पुजारी पात्र) कोठीकडे चला म्हणून हट्ट धरून बसलेली. बराच वेळ वाद झाला. मी मधे पडलो नाही, कारण तोच खेळ होता. शेवटी ते कोठीकडे गेले. तटाच्या फाशावर तीन पडले आणि उत्तरेचा तट गेला. कोठीतली माणसं वाचली. दरवाज्यापाशी ऑर्कांचा सरदार पडल्यावर मी तुम्ही सांगितलेली मोरालची, म्हणजे सैन्याच्या धीराची, चाचणी घेतली. विस्डम सेव्ह, डीसी दहा, म्हणजे फासा आणि विस्डमचा गुण मिळून निदान दहा हवेत. ती हुकली, अख्खी फळी मागे फिरली, आणि आमची मंडळी खुर्च्यांवरून उठून ओरडली.

दादा, दिवसभराचं ऑफिस उरकून तुम्ही रात्री माझ्याकडे आलात आणि वेढ्याचा पहिला टप्पा माझ्यासोबत खेळून पाहिलात. अडलो तिथे लगेच उत्तर दिलं नाहीत, "तू डीएम आहेस, तूच ठरव" म्हणालात. कडबोळ्यांचा डबा संपेपर्यंत बसलात. एवढा वेळ कोण देतं? मनापासून आभार.

आता मंडळींना समुद्रावरची लढाई हवी आहे. गलबतांचे नियम मी वाचतोय. या खेपेला तुम्ही शिकवायला नको, खेळायला या. एक कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहायचा कागद) तुमच्यासाठी कोरी ठेवली आहे.

तुमचा,
वेढेवाला डीएम