बाबांच्या नावाचं खातं

म्युनिक, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबा, परवा आई फोन टीपॉयवर टेकवून दूध बघायला गेली, तेव्हा तुम्ही मला दिसत होतात. पुस्तक ट्यूबलाइटकडे तिरकं धरलेलं, हातात भिंग, ओळ संपली की बोट खाली. आणि मी पाठवलेला टॅब शेजारी, आईने विणलेल्या क्रोशाच्या कव्हरात घडी न मोडता. तेव्हा बोलले नाही, पण झोप लागली नाही.

आईला खोदून विचारलं तेव्हा कळलं. मराठी पुस्तक शोधलं की ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं येतं, आणि ‘तिला सांगू नकोस’ असं तुम्ही बजावलंत. बाबा, यात तुमचं काही चुकलं नाही. चुकलं माझं. मी टॅब इथे घेतला आणि माझ्याच खात्यावर चालू करून दिला. वाटलं, दोघांचं एकच कपाट होईल. पण टॅब नाशिकला गंगापूर रोडला आहे, हे टॅबमधलं ई-पुस्तकांचं दुकान बघत नाही. खातं कुठल्या देशाचं, पैसे कुठल्या कार्डावरून, ते बघतं. पुस्तकाचे हक्क देशागणिक दिलेले असतात. जिथले दिले नाहीत, तिथे ते पुस्तक दिसतच नाही.

तेव्हा तुम्हाला न विचारता मी ठरवून टाकलंय. दादा शनिवारी पुण्याहून येईल, माझं खातं काढेल आणि बाबांच्या नावाने, नाशिकच्या पत्त्यावर नवं उघडून देईल. मग आपलं कपाट वेगळं होईल, कारण घरच्यांनी पुस्तकं वाटून घ्यायची तर सगळे एकाच देशात लागतात. मीच माझं खातं भारताचं करावं, असंही मनात आलं, खूप वेळ आलं. पण देश वर्षातून एकदाच बदलता येतो, आणि पगाराचं कार्ड इथलं. आई, यातून दुसरा अर्थ काढू नकोस. दिवाळीचं तिकीट काढलेलं आहे.

बाबा, सावानाच्या, आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारात तुम्ही दर वेळी सांगायचात, ‘१८४० सालचं वाचनालय आहे हे!’ आणि तुमच्या कार्डावर माझं पुस्तक घेऊन स्वतः रिकाम्या हाताने स्कूटरला किक मारायचात. मी पुढे उभी, पुस्तक पोटाशी. तेव्हा मला कळलंच नव्हतं की त्या आठवड्यात तुम्ही काय वाचत असाल.

आता नीट ऐका. अक्षर मोठं करायला संकोच करू नका, पानावर चार ओळी मावल्या तरी चालेल. पीडीएफ मात्र टाळा. त्यात अक्षर वाढवलं की पान इकडेतिकडे ओढत बसावं लागतं, तुमची मान दुखेल. हरिभाऊ आपटे १९१९ साली गेले, लेखकाच्या निधनानंतर आपल्याकडे हक्क साठ वर्षंच राहतात, म्हणून त्यांचं लेखन फुकट वाचायला मिळतं. मराठी विकिस्रोतावर दादा शोधून देईल. तात्यासाहेबांचं, म्हणजे कुसुमाग्रजांचं, विकतच घ्या, ते १९९९ साली गेले. आणि विकत घेताना माझ्या पैशांचा विचार करू नका. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, गोड बोलणाऱ्या माणसाला तर मुळीच नाही.

आई, मोतीबिंदूची तारीख या महिन्यातच घे. ‘थंडी संपू दे’ हे मी ऐकणार नाही. थेंब घातल्यावर अर्धा तास वाचन बंद, तू समोर बसून राहा. तुझं क्रोशाचं कव्हर सुंदर झालंय, फक्त टॅब त्यातून बाहेर काढत जा.

नवं खातं उघडलं की पहिलं पुस्तक कुठलं घेतलंत ते कळवा, मी इथे मिळतं का बघते. नाही मिळालं तर रविवारी कॉलवर दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा, तुमच्याकडे संध्याकाळ असते तेव्हा. मी चहा घेऊन बसेन.

तुमची,
मनू