बधिर पायांच्या चपला शिवणाऱ्या मामांना

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

दवाखान्याच्या मागच्या शेडमध्ये मी पहिल्यांदा आले, तेव्हा तुम्ही रबर कापत बसला होतात. डॉक्टरांची चिठ्ठी बाजूला ठेवून म्हणालात, "ताई, आधी पायातली चप्पल द्या." ती उलटी केलीत. तळातून आरपार खिळा गेला होता. आतल्या बाजूला टोक वर आलेलं आणि त्याच्याभोवती रक्त वाळलेलं. त्या सकाळी मी भाजी आणली होती, बँकेच्या रांगेत उभी राहिले होते, एसटीनं तिथवर आले होते. मला काहीच टोचलं नव्हतं.

तुम्ही रागावला नाहीत. स्टूल ओढलंत, माझा पाय धुतलात, मी संकोचले तरी ऐकलं नाहीत. मग हाताला धरून ड्रेसिंगच्या खोलीत नेलंत. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, जखम भरायला एकोणीस दिवस लागले. पण भरली, मामा. पाय शाबूत आहे.

मधुमेहाला चौदा वर्षं झालीत. आधी तळपायांची आग व्हायची, रात्री अंगावरची चादरसुद्धा बोटांना लागलेली सहन होत नसे. काशाची वाटी घासून झाली, गोळ्या झाल्या. मग हळूहळू आग थांबली आणि मी साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली होती. दुखणं थांबलं म्हणजे नसाच मुक्या झाल्या, हे तेव्हा कळलं नाही. पुढं डॉक्टरांनी माझे डोळे मिटून घेतले आणि दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा दोरा तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. मला तीनच जागा कळल्या. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानं बी-१२ ही कमी झालं होतं. त्याची इंजेक्शनं घेतली. गेलेली जाणीव मात्र परत आली नाही.

तुम्ही कागदावर पावलं उमटवून घेतलीत. आत मऊ एमसीआर रबर, म्हणजे बारीक छिद्रांचं स्पंजासारखं रबर, खाली काटा-खिळा शिरणार नाही असा कडक तळ, मागं पट्टा, आणि खिळा एकही नाही, सगळं चिकटवून आणि शिवून. हे काम तुम्ही कुष्ठरोग्यांच्या चपला शिवता शिवता शिकलात, असं बोलता बोलता म्हणालात. वेल्लोरला कुष्ठरोग्यांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी अशाच बधिर पायांसाठी आयुष्य घातलं, हे मी नंतर वाचलं. ते वाचताना मला तुमचे हात दिसत होते.

पण खरे आभार दुसऱ्या जोडासाठी. घरातही अनवाणी चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आमच्या घरात चपला उंबऱ्याच्या आत येत नाहीत आणि सासूबाई सोवळ्याओवळ्याच्या. मी तुमच्यापुढं रडले होते. पुढच्या खेपेला तुम्ही कापडी पट्ट्यांचा जोड पुढं केलात. "ही घरातली. हिला चामडं लागलेलं नाही, रस्ताही लागायचा नाही. स्वयंपाकघरात घाला, देवापुढं घाला." सासूबाईंनी तो हातात घेऊन बघितला, वास घेतला आणि स्वतःच्या हातानं देवघराच्या दाराशी ठेवला. मामा, औषधाच्या चिठ्ठीवर एवढा विचार कुणी लिहीत नाही.

तुम्ही सांगितलेलं सगळं पाळते. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवते. एकदा नातवाचा शार्पनर निघाला. पहिल्या दिवशी नवा जोड तासभरच घातला आणि कुठं लाल वळ उठलाय का ते बघितलं. अंघोळीचं पाणी कोपरानं जोखते. शेकायची पिशवी शेजारणीला देऊन टाकली. रात्री आरसा जमिनीवर ठेवून तळवे बघते; बोटांच्या बेचक्या नातू बघतो, त्याची नजर माझ्याहून चांगली. तिथं ओल राहू देत नाही, तेलही लावत नाही. कुरूप झालं होतं, ते ब्लेडनं कापलं नाही, दवाखान्यात दाखवलं.

बाहेरच्या जोडाचा वेल्क्रो आता धरत नाही. दिवाळीनंतरच्या सोमवारी येते. पायातला जोड तुम्ही आधी उलटा करून बघालच. सासूबाईंनी तुमच्यासाठी चकल्या बाजूला काढून ठेवायला सांगितलंय.

तुमची,
गुरुवारी खिळा घेऊन आलेली ताई