पद्मावती सहस्रनामाची मोठ्या अक्षरातली पोथी: श्रावणाआधी छापायची आहे

सर्व श्रावक-श्राविकांना सादर जय जिनेंद्र.

दर शुक्रवारी आपल्या पार्श्वनाथ बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पद्मावती मातेचं कुंकुमार्चन होतं. १००८ नावं, दहा शतकं (शतक म्हणजे शंभरेक नावांचा गट), नावागणिक चिमूटभर कुंकू. बायका साठाच्या वर आणि वाचता येतील अशा झेरॉक्स प्रती तीन! सातव्या शतकाची दोन पानं कुणाकडेच धड नाहीत. तिथं आलं की आवाज बारीक होतात, आठव्याला पुन्हा एकदम चढतात. समोर उभं राहून ऐकवत नाही.

हे अर्चन सुरू झालं ते पेठेतल्या अक्कांमुळे. माहेर कर्नाटकातलं, कानडी वाचता येई. तिकडच्याच हुमचा क्षेत्री पद्मावतीच्या दर्शनाला गेल्या तेव्हा कानडी लिपीतली पोथी घेऊन आल्या आणि दुपारची कामं उरकून, सोप्यात बसून दोनशे पानी वहीत देवनागरीत उतरवून काढली. शाई संपली तिथं शिसपेन्सिलीनं. आज त्या वहीच्या शिवणीत इतकं कुंकू बसलंय की पान उलटलं की बोटं लाल होतात.

अक्कांचा कान तिखट. श्लोकात ‘पद्मावती पद्मवर्णा पद्महस्तापि पद्मिनी’ अशी नावं सलग येतात. त्यातला ‘अपि’ म्हणजे ‘सुद्धा’, ते देवीचं नाव नव्हे. पण मागं एका छापील प्रतीत ‘पद्महस्ताप्यै नमः’ आलं आणि सहा महिने आपण सगळ्यांनी ते भक्तिभावानं म्हटलं. अक्कांनी अर्चन मध्येच थांबवून ‘पद्महस्तायै’ म्हणायला लावलं.

यंदा शाळेतल्या गुरुजींनी श्लोकांतली सगळी नावं सोडवून, ‘नमः’च्या आधीची चतुर्थी विभक्ती तपासून दिली. तीन महिने राबले, चहासुद्धा घेतला नाही. डीटीपीचा खर्च घाणेवाल्या अण्णांनी उचलला.

काही जण विचारतात, पद्मावती तर यक्षी, तिचं एवढं कशाला? ती पार्श्वप्रभूंची शासनदेवी, म्हणजे त्यांच्या शासनाची रक्षक देवता. आधी भगवंतांचा अभिषेक, मग देवीची ओटी, हा क्रम आपल्या बस्तीत कधी मोडलेला नाही.

गेल्या चातुर्मासात फळ्यावर हेच आवाहन लावलं होतं. महिनाभरात देणगीदारांची अकरा नावं आली, त्यातली चार कार्यकारिणीतलीच. अभिषेकाच्या कलशाचे सवाल (बोली) मात्र पाच मिनिटांत हजारांवर जातात. बोलू नये, पण लिहून जातं.

३०० प्रती, प्रत्येकी रु. १५०, एकूण रु. ४५,०००, जमा रु. १७,५००. छापखान्याला निम्मे आगाऊ हवेत. रु. १,५०० देणाऱ्याच्या नावे दहा प्रती. देणगीदारांची नावं शेवटच्या पानावर, स्तोत्राआधी नाही. रोख किंवा चेक खजिनदारांकडे, पावती घ्यावी. आषाढी पौर्णिमेपर्यंत. प्रूफ वाचायला बारीक नजरेची दोन माणसं हवीत.

आपला,
सेक्रेटरी

ता. क. अक्कांची वही खजिनदारांच्या कपाटात आहे. बघायला मागू नये, पानं सुटतात.