तक्रार झालेल्या शिक्षकाचे पहिले पंधरा दिवस

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकाविरुद्ध तक्रार झाल्याची बातमी आली की दोन ठरावीक आवाज उठतात. एका बाजूला त्याला आजच्या आज बडतर्फ करा अशी मागणी होते, तर दुसऱ्या बाजूला संघटनेचे पदाधिकारी ‘शिक्षकांना नाहक गोवले जात आहे’ असे निवेदन घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात जातात. तक्रारीत नेमके काय लिहिले आहे, हे दोघांपैकी कोणीही बहुधा वाचलेले नसते. अनुदानित खासगी शाळेत मुख्याध्यापिका म्हणून काम केल्यानंतर आणि पुढे काही चौकशी समित्यांवर बसल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की अशा शिक्षकाला आधार देताना तो दोषी की निर्दोष हे ठरवण्याची घाई कोणी करू नये. नियमाने त्याला जे मिळायला हवे ते वेळच्या वेळी मिळेल एवढे पाहावे. दुर्दैवाने तेवढेच पाहणारे कोणी नसते.

खासगी शाळांतील शिक्षकांच्या बाबतीत 1977 चा महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम आणि त्याखालील 1981 ची नियमावली लागू आहे. सेवेतून काढून टाकण्याजोग्या कारणांत या नियमावलीने गैरवर्तन, नैतिक अधःपतन, हेतुपुरस्सर व सातत्याने केलेली कर्तव्यातील कसूर आणि अकार्यक्षमता यांचा समावेश केला आहे, आणि त्यासाठीच्या चौकशीची पद्धतही बरीच तपशीलवार सांगितली आहे. व्यवस्थापनाने प्रथम आरोपांचे निवेदन द्यायचे, शिक्षकाने सात दिवसांत खुलासा करायचा, खुलासा समाधानकारक न वाटल्यास चौकशी समिती नेमायची, असा तो क्रम आहे. कागदावर हे सारे सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात काय होते ते मी पुष्कळदा जवळून पाहिले आहे.

मधल्या सुट्टीत शिपाई शिक्षकखोलीत येतो, सर्वांदेखत लखोटा हातात देतो आणि नोंदवहीत सही मागतो. आजूबाजूचे सहकारी डबा आवरता घेऊन एकेक करून बाहेर पडतात. त्या रात्री तो शिक्षक एकटाच खुलासा लिहायला बसतो आणि आठ-दहा पाने लिहून काढतो. त्यात त्याची इमानेइतबारे केलेली सेवा असते, शंभर टक्के निकाल असतो, संस्थेतल्या गटबाजीचा इतिहास असतो, कोणी कोणाच्या सांगण्यावरून तक्रार केली याचे तर्क असतात. परंतु अमुक तारखेला अमुक तासाला तुम्ही वर्गात नव्हता, या साध्या आरोपाचे उत्तर मात्र नसते. पुढे हाच खुलासा समितीसमोर येतो. रागाच्या भरात लिहिलेले एखादे वाक्य तेव्हा त्याच्यावरच उलटते, आणि मूळ आरोप अनुत्तरित राहिल्याची नोंद होते ती वेगळीच. त्या रात्री एखादा जाणता सहकारी शेजारी बसला असता, त्याने हजेरीपट, तासिकांचे वेळापत्रक आणि रजेचा अर्ज यांच्या प्रती लावायला लावून खुलासा दीड पानात मुद्द्यास मुद्दा असा लिहून घेतला असता, तर बरीच प्रकरणे पुढे गेलीच नसती, आणि जी गेली असती ती निदान नीट गेली असती.

दुसरी गोष्ट समितीच्या रचनेची, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. शिक्षकाच्या चौकशीसाठी तीन सदस्यांची समिती असते: एक व्यवस्थापनाचा, एक राज्य वा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला आणि एक खुद्द त्या शिक्षकाने सुचवलेला. हा तिसरा सदस्य कोणत्याही खासगी शाळेतील कर्मचारी असू शकतो. मात्र त्याचे नाव, त्याच्या लेखी संमतीसह, पंधरा दिवसांत कळवावे लागते. मुदत टळली की उरलेल्या दोघांचीच समिती स्थापन झाली असे मानले जाते. म्हणजे समितीत आपल्या विश्वासाचा माणूस बसवण्याचा जो एकमेव हक्क कायद्याने शिक्षकाला दिला आहे, तो एका पंधरवड्यात निकालात निघू शकतो.

असा सदस्य मिळणे सोपे नसते. ज्यांच्याशी वर्षानुवर्षे घरोबा होता ते ‘आमच्या संस्थेला चालणार नाही’ असे सांगतात, कोणाच्या मुलीचे लग्न निघते, कोणाला गुडघ्याचे दुखणे आठवते. (मोर्चात घोषणा द्यायला हेच सहकारी पुढे असतात, हेही सांगितले पाहिजे.) शिक्षक संघटनांना माझी विनंती आहे, की त्यांनी प्रत्येक तालुक्यात असे काम करण्यास तयार असलेल्या, नियमावली वाचलेल्या आणि मुख्य म्हणजे तोंडावर खरे बोलणाऱ्या शिक्षकांची यादी आधीच संमतीपत्रांसह तयार ठेवावी. या सदस्याने वकिली करायची नसते. शिक्षकाला साक्षीदारांच्या उलटतपासणीची संधी मिळते की नाही, कागदपत्रे दाखवली जातात की नाही, इतिवृत्तावर त्याच दिवशी सह्या होतात की नाही, हे त्याने डोळ्यांत तेल घालून पाहायचे असते, आणि आरोप सिद्ध होत असतील तर तसे नोंदवण्याचे धैर्यही त्याच्याकडे असावे लागते.

निलंबनाबद्दलचे गैरसमज याहून मोठे आहेत. निलंबन ही शिक्षा नाही, तरीही संस्था ते शिक्षेसारखेच वापरतात आणि समाजही ते शिक्षा म्हणूनच वाचतो. नियमानुसार निलंबनाचा काळ सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय चार महिन्यांपेक्षा अधिक असू शकत नाही, आणि चौकशीही सामान्यतः 120 दिवसांत पूर्ण व्हायला हवी. या काळात शिक्षकाला अर्धपगारी रजेच्या वेतनाइतका निर्वाह भत्ता आणि त्यावर महागाई भत्ता मिळतो. त्याला दुसरी नोकरी करता येत नाही आणि परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही. आपण अन्यत्र नोकरी वा व्यवसाय करत नसल्याचे प्रमाणपत्रही त्याला द्यावे लागते. सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमान्यता न घेता निलंबित केले असेल, तर हा भत्ता पहिल्या महिन्यापासून व्यवस्थापनालाच आपल्या खिशातून द्यावा लागतो, आणि नेमकी इथेच टाळाटाळ सुरू होते. घराचे हप्ते थकतात, मुलांची फी थकते, आणि तारखेला हजर राहण्यासाठी लागणारे प्रवासभाडेही उसने घ्यावे लागते. निर्वाह भत्त्याअभावी कर्मचारी हजर राहू शकला नाही आणि त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी चौकशी उरकण्यात आली, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली ती चौकशीच दूषित ठरवली होती. एवढा स्पष्ट निर्णय असताना भत्त्यासाठी शिक्षकाला अर्जावर अर्ज करावे लागणे अशोभनीय आहे.

आता ज्या तक्रारींविषयी बोलताना सर्वांनाच अवघड वाटते त्यांच्याकडे वळते. तक्रार विद्यार्थ्याच्या लैंगिक छळाची असेल, तर शिक्षकाला आधार या नावाखाली एका दिवसाचाही विलंब होता कामा नये. 2012 च्या पोक्सो कायद्यानुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणारा संस्थाप्रमुख स्वतः गुन्हेगार ठरतो. ‘आधी आपण शाळेतच विचारपूस करू’ असे म्हणण्याचा अधिकार मुख्याध्यापकाला नाही. मारहाण आणि मानसिक छळ यांनाही 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने बंदी घातली आहे, त्यामुळे ‘आमच्या वेळी छडी खाऊनच आम्ही शिकलो’ हा बचाव चौकशीत चालत नाही आणि चालूही नये. अशा प्रकरणांत संघटनेने शाळेच्या दाराशी मोर्चा नेणे मला पूर्णतः गैर वाटते. त्या दारातून तक्रार करणारे मूलही रोज आत येत असते. आरोपी शिक्षकाला वकील मिळावा, निर्वाह भत्ता मिळावा, त्याच्या कुटुंबाकडे कोणीतरी जाऊन यावे, हे सारे त्या मुलाच्या वाटेत न येता करता येते.

यात वृत्तपत्रांचीही भूमिका आहे, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे. पोक्सो कायद्याने पीडित बालकाची ओळख उघड करण्यास मनाई केली आहे, ती योग्यच आहे. सहकारी महिलेने केलेल्या तक्रारीत 2013 चा कामाच्या ठिकाणचा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा तक्रारदार आणि प्रतिवादी या दोघांचीही ओळख गोपनीय ठेवण्यास सांगतो. विद्यार्थी वा पालकांनी शिक्षकाविरुद्ध केलेल्या तक्रारीत मात्र शिक्षकाचे नाव, छायाचित्र आणि शाळेचा पत्ता पहिल्याच दिवशी छापून येतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2011 च्या शिक्षण कायद्याने, विद्यार्थ्याविरुद्धच्या गुन्ह्याचा आरोप झालेल्या शिक्षकाची ओळख त्याच्यावर रीतसर दोषारोप ठेवला जाईपर्यंत प्रसिद्ध करण्यास बंदी घातली. आपल्याकडे तसा कायदा व्हावा की नाही यावर मतभेद होऊ शकतात, कारण नाव प्रसिद्ध झाल्यामुळे इतर पीडित पुढे येतात हा युक्तिवादही वजनदार आहे. परंतु वेळेवर न येणे, शिकवण्यात हयगय करणे, पालकांशी उर्मटपणे बोलणे अशा तक्रारींत, जिथे ना गुन्हा नोंदला आहे ना कोणी मूल धोक्यात आहे, तिथे चौकशीआधी नाव छापून काय साधते, हे मला समजलेले नाही. पुढे तो शिक्षक निर्दोष ठरला तर त्याची बातमी शेवटच्या पानावर तरी येते का, याचा शोध आपणच आपल्या जुन्या अंकांत घ्यावा.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना 1964 चे शिस्त व अपील नियम लागू होतात आणि त्यांची कार्यपद्धती वेगळी आहे, तरी विलंबाचे दुखणे तेच आहे. खासगी शाळेतील शिक्षकाला बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, पण आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत. खचलेल्या माणसाला एक महिना कसा निघून जातो ते कळतही नाही, म्हणून हीही मुदत त्याच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी लक्षात ठेवलेली बरी.

शिक्षण विभागाकडे माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी दर महिन्याला एक तक्ता कार्यालयाच्या फलकावर लावावा. त्यात शिक्षकाचे वा शाळेचे नाव नसावे. केवळ प्रकरण क्रमांक, निलंबनाची तारीख, पूर्वमान्यता घेतली होती की नाही, समिती स्थापन झाल्याची तारीख, मागील महिन्याचा निर्वाह भत्ता दिला गेला की नाही आणि 120 दिवस कधी संपतात, एवढेच रकाने असावेत. यातली सारी माहिती कार्यालयाच्या धारिकांमध्ये आधीपासूनच असते किंवा असायला हवी, आणि तक्ता तयार करायला एका लिपिकाचा अर्धा दिवस पुरेल.

आपली,
एक निवृत्त मुख्याध्यापिका