चिठ्ठीच्या खिडकीवर ‘काय होऊन राहिलं?’ विचारू नका

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातला कास्तकार आहे. वय ३३, सहा एकर कोरडवाहू वावर. कास्तकाराच्या ताणाबद्दल आपल्या पेपरात कर्ज, नापिकी, भाव असं पुष्कळ छापून येतं. मला मात्र वेगळ्याच गोष्टीनं पोखरलं होतं. चार माणसांपुढे तोंड उघडायची भीती.

गावात याला आजार कोणी म्हणत नाही. ‘पोट्टं लाजाळू आहे’ म्हणतात. पोरीचं असलं तर उलट कौतुक होतं. मी दहावीपासून असा. लग्नात वाढायला उभं केलं की वरणाची बादली हातात थरथरायची, म्हणून पंगत बसायच्या आधीच काहीतरी निमित्त काढून सटकायचो. या भीतीचे मी पैसेही मोजले आहेत. बाजार समितीत कापूस नेला तर अनोळखी लोकांसमोर भावाचं बोलावं लागेल, म्हणून सात-आठ वर्षं खेडा खरेदीतच, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्यालाच दिला. व्यापारी काट्यावर क्विंटलमागे दोन किलो कापायचा. मला दिसत होतं. बोललो नाही.

शेवटी बायकोनं दवाखान्यात धाडलं. कोणत्या, ते मुद्दाम लिहीत नाही. चिठ्ठीच्या खिडकीवर विचारलं, ‘काय होऊन राहिलं?’ मी हळूच ‘भीती’ म्हणालो. ‘जोरात बोल ना बाप्पा!’ मग त्यांनीच आवाज दिला, ‘अच्छा, डोक्याचं! जा तिकडं.’ मागे रांगेत वीस-पंचवीस लोक. मी तिकडं गेलोच नाही, सरळ स्टँडवर येऊन एसटीत बसलो. महिन्याभरानं पुन्हा गेलो तेव्हा रांगेत बायको उभी राहिली.

आत समुपदेशक मॅडम होत्या. बोलण्यातून आणि सरावातून विचार-वागणं बदलायच्या या उपचाराला सीबीटी म्हणतात. गोळ्या काहींना लागतात, मला डॉक्टरांनी दिल्या नाहीत. मॅडमनी एक वही करायला लावली. काही करायच्या आधी ‘काय होईल असं वाटतं’ आणि भीती शंभरपैकी किती, हे लिहायचं. करून आल्यावर ‘खरंच काय झालं’ ते लिहायचं. सुरुवात सोपी होती: किराण्यात साबण घ्यायचा, पैसे द्यायचे आणि लगेच परत करायचा. (दुकानदार अजून चिडवतो.) मग एसटीत मागच्या सीटवरून कंडक्टरला ओरडून ‘फाटा आला का?’ विचारायचं. चौथ्या महिन्यात पंगत. मॅडमनी बजावलं होतं, बादली दोन्ही हातांनी आवळून धरायची नाही आणि स्वतःच्या हाताकडे नाही, समोरच्या पत्रावळीकडे पाहायचं. वहीत मी लिहिलं होतं: वरण सांडेल, लोक हसतील, भीती ९०. सांडलंच, एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या धोतरावर. ते म्हणाले, ‘राहू दे बाप्पा, भात आण.’ कोणी हसलं नाही. खरं तर कोणाचं लक्षच नव्हतं, सगळे आलूवांग्याची वाट पाहत होते.

यंदा कापूस बाजार समितीत नेला. आवाज कापला, पण काट्याजवळ उभा राहून वजन मोठ्यानं वाचलं.

संपादक साहेब, या दुखण्याची अडचण अशी, की ज्याची भीती वाटते तेच केल्याशिवाय उपचारापर्यंत पोचताच येत नाही. २०२२ पासून मानसिक त्रासासाठी सरकारच्या ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही मोफत फोन सेवा आहे, मराठीतही बोलतात. चांगली सोय आहे, पण मी तिथे तीनदा नंबर लावून रिंग वाजायच्या आत कापला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ नं रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे. खिडकीवर तो कुठं जातो?

म्हणून मागणी साधी आहे. मानसिक आजाराच्या चिठ्ठीसाठी काय होतं ते तोंडी विचारू नये, विभागाचा नंबर बोटानं दाखवला की चिठ्ठी मिळावी. आणि समुपदेशक आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बसावेत. जिल्ह्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर एसटीचं भाडं.

हाच ठराव मी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडणार आहे. वहीत त्यापुढे लिहून ठेवलंय: सरपंच हसतील, भीती ८०.

– एक कास्तकार, जि. यवतमाळ